एक डोळा संक्रांतीनंतर

जबलपूरला येणाऱ्या नातलगांना धुआँधार धबधबा दाखविण्याचे काम उमाठ्यांच्या घरात रत्नाकररावांकडे केव्हा आले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्यांचे वडील हिंगणघाटहून संरक्षण कारखान्यात नोकरीला आले आणि कांचघरला स्थायिक झाले. मागाहून रत्नाकररावही त्याच कारखान्यात तपासनीस म्हणून लागले. तयार झालेला भाग मापात बसला तर शिक्का, न बसला तर परत, असे त्यांचे काम होते. सुटीच्या दिवशी मात्र विदर्भातून कोणी ना कोणी नर्मदास्नानाला आलेले असे. त्यांना स्टेशनवरून आणायचे, ग्वारीघाटावर स्नान घडवायचे, भेडाघाटला नावेत बसवायचे, धबधब्याच्या कठड्याशी उभे करून फोटो काढायचा आणि परतीच्या गाडीत डबा देऊन बसवायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला होता. डबा हेमलताबाई करीत. त्यांच्या हातच्या तिखटामिठाच्या पुऱ्या कधी नागपूरपर्यंत पुरल्या नाहीत. पाहुणे त्या इटारसीच्या आधीच संपवीत.

दोन वर्षांपूर्वी हेमलताबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. कान आणि समज मात्र पूर्वीसारखीच तल्लख राहिली. पाहुणे हळूहळू थांबले. पत्नीला उठविणे, बसविणे, कूस बदलणे, भरविणे हे सारे आता निवृत्त झालेले रत्नाकरराव करू लागले. दिवसा मदतीला एक बाई येई. तीही आली तर आली. रत्नाकरराव तक्रार करीत नसत. तक्रार करण्यासाठीसुद्धा माणसाला घटकाभर स्वस्थ बसावे लागते, आणि तेवढी सवड त्यांना मिळत नसे.

त्यातच त्यांचे स्वतःचे डोळे अधू झाले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नेपियर टाउनमधल्या डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा रत्नाकररावांनी ती पुढे ढकलली. ऑपरेशननंतर काही दिवस वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, असा डॉक्टरांचा दंडक होता. आणि रत्नाकररावांच्या दिवसात वाकणे आणि उचलणे यांखेरीज दुसरे काही उरलेच नव्हते. पत्नीच्या गोळ्यांची नावे वाचवेनाशी झाली, तेव्हा ते पाकिटांच्या रंगावरून गोळ्या ओळखू लागले. परवा एका पाकिटाचा रंगच बदलून आला आणि ते दोन रंगांची पाकिटे हातात धरून बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले.

मार्ग एकच होता. मुलगी प्रणोती आर्वीला दिलेली. ती महिनाभर माहेरी आली, तर दोन्ही डोळे होऊन गेले असते. पण प्रणोतीच्या सासरी कापसाची अडत होती. दुकानातले कॉम्प्युटरचे सारे काम तीच पाहत होती, आणि हे दिवस नेमके हंगामाचे होते. शिवाय दिलेल्या मुलीच्या घरी काही मागायचे नाही, ही रत्नाकररावांच्या वडिलांची शिकवण. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी व्याह्यांकडे पाण्याच्या पेल्यापलीकडे काही मागितलेले नव्हते.

अशा वेळी व्याही भय्यासाहेब काळमेघ नर्मदास्नानासाठी एक दिवस जबलपूरला येतो म्हणाले. विहीणबाई मीराताई गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हत्या. भय्यासाहेब एकटेच येणार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परतणार होते. आज नाही तर कधीच नाही, असे रत्नाकररावांनी मनाशी ठरविले.

परंतु मागायचे ते योग्य जागी आणि योग्य वेळी. सकाळी ग्वारीघाटावर भय्यासाहेब ओल्या अंगाने अर्घ्य देत होते. तेव्हा बोलणे प्रशस्त नव्हते. घरी हेमलताबाईंच्या कानांवर पडले असते. आपल्यासाठी लेकीला तिच्या संसारातून ओढून आणावे लागते आहे, हे त्यांनी ऐकू नये, एवढे तरी सांभाळायला हवे होते. जेवताना विषय काढण्याचा प्रश्नच नव्हता. पानात वाढून मग मागायचे, म्हणजे जेवणाचे मोल मागितल्यासारखेच. दुपारी शेजारच्या हर्षाला हेमलताबाईंपाशी बसवून दोघे ऑटोने भेडाघाटला निघाले, तर सारा रस्ता ऑटोवाला भय्यासाहेबांना कापसाचा भाव विचारीत राहिला. नावेत नावाड्याची हिंदी तुकबंदी अखंड चालू होती. भय्यासाहेब तिला दाद देत होते आणि प्रत्येक कडव्यानंतर रत्नाकररावांच्या मांडीवर थाप मारीत होते.

उरली ती संध्याकाळ. नाव काठाला लागल्यावर घाटाच्या खालच्या अंगाला, गर्दी ओसरते तिथे पायऱ्यांवर बसावे, चहा मागवावा आणि शांतपणे बोलावे, असे रत्नाकररावांनी योजले होते. आणि नेमके तेव्हाच भय्यासाहेबांनी रंगीत दिव्यांच्या शोची जाहिरात पाहिली.

या हिवाळ्यात कोणा ठेकेदाराने तो शो सुरू केला होता. अंधार पडला की समोरच्या संगमरवरी खडकांवर रंगीत प्रकाश पाडायचा, भोंग्यांवरून नर्मदेची कथा ऐकवायची, मधून मधून राजे, हत्ती, लढाया. शहरातल्या जाणत्या माणसांनी त्याला नाके मुरडली होती. भय्यासाहेबांना मात्र तो पाहायचाच होता. व्हिडिओ काढून आणतो, असे ते मीराताईंना कबूलही करून बसले होते.

रत्नाकररावांनी आधी थंडीचे कारण पुढे केले. मग सांगितले की संगमरवर चांदण्यात पाहावा, त्याला रंग फासून नव्हे. शेवटी हर्षाचे नाव काढले. तिला स्वयंपाकासाठी घरी परतायचे होते, आणि हे खोटे नव्हते. प्रत्येक कारणावर भय्यासाहेब हसत होते. अडतीच्या धंद्यात माणूस पहिले तीन भाव नुसते ऐकून घेतो, खरा भाव चौथा असतो.

"इवाई, तुम्हाले पाहायचं नाही, असं सरळ म्हणा ना," ते अखेर व्याह्यांना वऱ्हाडी वळणाने म्हणाले. "थंडीले काहून मधात आणता?"

"मला जरा निवांत बसायचं आहे. तुमच्याशी बोलायचं आहे."

"मग बोलू ना. चलो, सौदा करू. अर्धा शो माझा, अर्धी संध्याकाळ तुमची. मध्यात उठतो. माझी जबान."

रत्नाकररावांना हा तोडगा फारसा पसंत नव्हता, पण तो नाकारण्याइतके त्राणही त्यांच्यात उरले नव्हते. दोघे जाऊन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले.

अंधार झाला आणि भोंगे गरजू लागले. पलीकडच्या खडकावर निळा, मग तांबडा, मग हिरवा प्रकाश पसरला. भय्यासाहेब मोबाइल उंच धरून लहान मुलासारखे रमले होते. हत्ती पाहा, असे ते म्हणत. रत्नाकरराव त्या दिशेने मान वळवीत आणि हो म्हणत. त्यांना हत्ती दिसत नव्हता. पाण्यात सांडलेल्या शाईसारखे रंग एकमेकांत मिसळत होते, इतकेच. दिवसभराचा शीण पायांतून वर चढत होता. आपण जे बोलणार आहोत त्याची वाक्ये ते मनात जुळवू लागले. पण भोंग्यावरचा राजा दर वाक्यागणिक युद्धाची घोषणा करी आणि जुळलेले वाक्य पुन्हा मोडे. भय्यासाहेब मध्यात उठणार नाहीत, असे त्यांना वाटू लागले. आणि हे कबूल करायला हवे की तसे वाटल्यावर त्यांना थोडे हायसेही झाले. शो संपेल, घाईने घरी जावे लागेल, मागण्याचे राहून जाईल, आणि त्यात आपला दोष असणार नाही.

इतक्यात भय्यासाहेब उठले. खडकावर भर रणांगण पेटलेले होते आणि सारे प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते. मागून कोणीतरी ओरडले, "अंकल जी, बैठ जाइए न, दिख नहीं रहा." भय्यासाहेबांनी मोबाइल खिशात घातला, रणांगणाकडे एकवार मनापासून पाहिले आणि रत्नाकररावांना म्हणाले, "चला. अर्धं झालं."

शब्द पाळला गेला होता. आता रत्नाकररावांना पळवाट नव्हती.

खालच्या पायऱ्यांवर भोंग्यांचा आवाज दबून येत होता. चहा आला. रत्नाकररावांनी पाण्याच्या पातळीबद्दल दोन वाक्ये उच्चारली, बरगीच्या धरणाबद्दल एक उच्चारले, आणि मग कप खाली ठेवला.

"भय्यासाहेब, मुलीच्या बापानं मागू नये, हे मला माहीत आहे. तरी मागतो. प्रणोतीला महिनाभर पाठवा. माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आहे. तेवढे दिवस हिला उचलणं माझ्याच्यानं होणार नाही."

भय्यासाहेब त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. डोळे इतके बिघडल्याचे त्यांच्या कानांवर नव्हते. त्यांनी विचारले, "पोरीले काहून नाही सांगितलं? ती तं रोज फोन करून राहिली तुम्हाले."

"सांगितलं असतं, तर ती आली असती."

एवढ्या उत्तराचा अर्थ भय्यासाहेबांपर्यंत पोहोचायला क्षणभर लागला. प्रणोती आली असती. दुकान टाकून, कदाचित भांडूनही आली असती, आणि मग तिला त्याच घरात परत जाऊन राहायचे होते. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि खालमानेने बोलू लागले. हंगाम कसा आहे, संक्रांतीपर्यंत दारात रोज गाड्या कशा लागतात, मुलाला, गौरांगला, खरेदी कळते पण कॉम्प्युटरला तो हात लावत नाही, सून नसली तर शेतकऱ्यांच्या पावत्या कशा अडून राहतात, हे सारे त्यांनी सांगितले. त्यात अवास्तव काहीच नव्हते.

"महिना नाही जमत, इवाई."

"ठीक आहे," रत्नाकरराव लगेच म्हणाले आणि कप उचलून उठू लागले. चहा अजून पुरता निवलाही नव्हता.

भय्यासाहेबांनी त्यांच्या स्वेटरची बाही धरून त्यांना खाली बसविले. ते खरोखर चिडले होते.

"ठीक आहे काय ठीक आहे? मी अजून बोलून राहिलो ना! त्या शोसाठी माझ्याशी घटकाभर भांडले. थंडी म्हणे, चांदणं म्हणे, हर्षा म्हणे. अन् सोताच्या डोळ्यासाठी एका बोलात माल सोडून चालले? असा गिऱ्हाईक मी जन्मात पाहिला नाही. मी नाही म्हटलं तं तुम्ही तुमचा भाव सांगा."

सारे आयुष्य रत्नाकररावांनी मापात बसले की नाही एवढेच पाहिले होते. मापात न बसणारी वस्तू थोडी घासून, थोडी दाबून बसविण्याची मुभा त्यांच्या कामात नव्हती. पत्नीच्या आजारातही जे मिळेल ते घ्यायचे, जे नाही ते सोडून द्यायचे, असेच त्यांनी चालविले होते. आणि त्याला ते स्वाभिमान समजत आले होते. वर भोंग्यावर कोणीतरी विजयी झाले.

"एक डोळा," ते अडखळत म्हणाले. "एकच डोळा आता केला तर... महिना नाही लागणार."

"आता म्हणजे कधी?"

"तुम्ही सांगा."

"पुन्हा तेच! तुम्ही सांगा, इवाई."

"येत्या आठवड्यात."

"नाही. संक्रांतीनंतर. पंधरा दिवस."

"तीन आठवडे," रत्नाकरराव म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने किंचित दचकले. "थेंब घालायचे असतात. आणि ती आल्या दिवशी काही ऑपरेशन होत नाही."

"तीन आठवडे. बरं. दुसरा डोळा चैत्रात करा, तवा दुकानात काम नसते. तवा महिना ठेवा, दोन ठेवा. मीरा कुरकुर करीन, तिचं मी पाहतो. पण पोरीले तुम्ही नका सांगू. मी सांगतो. मी पाठवून राहिलो, असं झालं पाहिजे."

रत्नाकररावांनी मान हलविली. आनंद व्हायला हवा होता. तो कुठे दूर अडकून पडल्यासारखा होता. संक्रांतीपर्यंतचे दिवस आणि त्या दिवसांतली प्रत्येक उठबस त्यांच्यासमोर जशीच्या तशी उभी होती. मिळाले ते अर्धे होते. पण ते मागून, अडून, वाढवून घेतलेले होते, आणि हा अनुभव त्यांना इतका नवा होता की त्याचे काय करावे, हे त्यांना उमगत नव्हते.

हर्षाचा फोन आला. मावशींना भरविले आहे, सावकाश या, असे ती म्हणाली. वर टाळ्यांचा कडकडाट झाला आणि लोक बाहेर पडू लागले. भय्यासाहेबांनी एकदा तिकडे पाहिले आणि शेवटी काय दाखविले असेल असे विचारले. रत्नाकररावांनी प्रामाणिकपणे सांगितले, की पहिल्या अर्ध्यातलेही त्यांना काहीच दिसलेले नाही.

"म्हणजे मी दाखवला तो हत्तीही वाया गेला," भय्यासाहेब म्हणाले. नंतर पायऱ्या संपेपर्यंत त्यांनी रत्नाकररावांचा दंड धरून ठेवला.

परतीच्या वाटेवर भय्यासाहेबांना ऑटोतच झोप लागली आणि त्यांचे डोके रत्नाकररावांच्या खांद्यावर आले. व्याह्याला हलविणे बरे दिसले नसते. खांदा अवघडत गेला तरी ते तसेच बसून राहिले. समोरून गाड्या येत होत्या. प्रत्येक दिवा दुरूनच फुटून मोठा होत होता. रत्नाकररावांनी उजवा डोळा मिटून पाहिले, मग डावा मिटून पाहिले. जो अधिक अधू त्याचे ऑपरेशन आधी करावे, की जरा बरा आहे तो आधी नीट करून घ्यावा, म्हणजे निदान गोळ्यांवरची नावे तरी वाचता येतील? पुढची गाडी आली. त्यांनी पुन्हा उजवा मिटला, पुन्हा डावा. कांचघर येईपर्यंत त्यांचा निर्णय झालेला नव्हता.