फोनवरची मडम

चहाच्या कंपनीने मला टेलिफोन ऑपरेटर म्हणून घेतलं ते माझ्या आवाजामुळे. मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, "आवाज चांगला आहे. उच्चारांचं बाई बघून घेतील."

बाई म्हणजे स्विचबोर्डाच्या सुपरवायझर. पन्नाशी ओलांडलेल्या अँग्लो-इंडियन बाई, फुलाफुलांचा फ्रॉक, पांढरे मोजे, आणि ओठांना कायम ताजी लिपस्टिक. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि एकच वाक्य म्हणायला सांगितलं. "आयल पुट यू थ्रू." फोन जोडून देते, एवढाच त्याचा अर्थ. मी म्हटलं. बाईंनी डोळे मिटून घेतले, जसं कोणी पायावर पाय दिल्यावर मिटावेत.

"एवढ्याशा वाक्यात तू मला चारदा सांगितलंस की तू कुठली आहेस," त्या म्हणाल्या. "फोन करणाऱ्याला ते कळायची गरज नाही."

साठचं दशक संपता संपता बाबांची पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली होती. केंद्र सरकारचं ऑफिस, बेहाला नावाच्या उपनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली एका बंगाली गृहस्थांचं औषधांचं दुकान; फोन करायचा तर तिथूनच. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. नोकरीची जाहिरात बाबांनीच कापून आणली. बाबांनी लिहिलेल्या इंग्रजी मसुद्यातला स्वल्पविरामही त्यांचे वरिष्ठ हलवत नसत. पण मीटिंगमध्ये बाबा बोलायला लागले की टेबलाच्या त्या टोकाचे लोक एकमेकांकडे बघून हसत. एकदाच ते हे आमच्यापाशी बोलले. "लिहिताना मी साहेब असतो, आणि तोंड उघडलं की नारायण पेठ." असं म्हणून ते हसले, पण आई हसली नाही.

तर माझ्या तोंडातून नारायण पेठ काढायचं काम सुरू झालं.

बोर्डाची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिला खिडकी नव्हती. दिवसभर डोक्यावर दिवा, समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, त्यात खुपसायच्या दोऱ्या. कानांवर हेडफोन आणि छातीवर पट्ट्याने अडकवलेला बोलायचा भोंगा, आणि या सगळ्याची वायर बोर्डाला जोडलेली. उठायचं तर आधी बाईंना विचारायचं, मग वायर सोडवायची. बाईंच्या टेबलावर एक खटका होता. तो दाबला की आम्ही काय बोलतोय ते त्यांना ऐकू येई, आणि त्यांनी तो कधी दाबलाय हे आम्हाला कधीच कळत नसे.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी शिकवणी असे. बाई माझ्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरत. "पुट" म्हटलं की ती पट्टी हलली पाहिजे. आपला प म्हणताना ती हलत नाही. ओठ उघडतात आणि काम होतं. इंग्रजांचा प मात्र हवेचा झोत घेऊन येतो. मी जोर केला की त्याचा फ होई आणि बाई पट्टी खाली ठेवून देत. त्या पुटमधला ट तर त्यांना खिळा ठोकल्यासारखा वाटे. जीभ मागे वळवायची नाही, पुढे हिरडीला नुसती टेकवायची. थ्रू म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये धरून फुंकर घालायची. व्ही आणि डब्ल्यू हे दोघे वेगळे आहेत हे तर मला बाविसाव्या वर्षी कळलं. माझ्या शेजारच्या बंगाली मुलीचं दुखणं निराळं होतं. ती व्हेरीला भेरी म्हणे. बाई तिला ओठ दातांखाली धरायला लावत आणि बिचारीच्या डोळ्यांत पाणी येई.

"तुम्ही दोघी टाइपरायटरसारख्या बोलता," बाई म्हणत. "प्रत्येक अक्षरावर सारखाच ठोका. एका शब्दावर चढायचं असतं, बाकीच्यांवरून घसरायचं."

त्या दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांचे भाऊ-बहिणी एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते. त्या मागे राहिल्या होत्या आणि बोर्ड चालवत होत्या. पण मला त्यांच्यापासून सुटका नव्हती. ट्राममध्ये बसले की ओठ आपोआप हलायला लागत. घरी पोचले की बाबा वाट बघत असत. "आज काय शिकवलं?" मग जेवताना इंग्रजी. बाबा विचारणार, मी उत्तर देणार, आणि आई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत वाढणार. कंडक्टरशी बंगालीत बोलावं तर तो माझं बंगाली ऐकून हिंदीत उत्तर देई. माझ्या जिभेला मोकळी अशी जागा उरली नाही. एकटी असले तरी जीभ कुठे टेकते आहे याकडे लक्ष असे. दाराला कान लावून कोणी उभं असावं तसं माझं मीच मला ऐकत असे.

एकदा जेवताना मी आईला म्हटलं, "ती वाटी दे ना."

"वाती?" आई म्हणाली. "वाती कशाला आत्ता?"

बाबा खूप हसले. मीही हसले. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी हळूच वाटी, पाटी, माठ, पाट असं म्हणून बघत होते, आणि त्यातला कुठला ट माझा स्वतःचा ते मला सांगता येईना.

नोकरीत कायम झाले तेव्हा बाईंनी पाठीवर थाप मारली. "आता तू कुठलीच नाहीस," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडी ती शाबासकी होती.

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. बाबा त्या दिवशी ऑफिसला गेले नव्हते. पित्त झालंय म्हणाले, पडून राहतो म्हणाले. मी नेहमीसारखी निघाले. दुपारी बोर्डावर एक फोन आला. मी म्हटलं, "गुड आफ्टरनून," पुढे कंपनीचं नाव. पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. मी पुन्हा म्हटलं, "हाउ मे आय हेल्प यू?" फोन ठेवला गेला. असं व्हायचं पुष्कळदा. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. तोच श्वास, जरा घाईचा. मी तीच दोन वाक्यं म्हटली, बाईंनी शिकवलेल्या सगळ्या चढउतारांसकट, आणि पुन्हा फोन ठेवल्याचा आवाज आला.

तिसऱ्यांदा एक पुरुष बोलला. इंग्रजीत, बंगाली वळणाने. "मॅडम, भेरी आर्जेंट. तुमच्या ऑफिसात एक मराठी मुलगी आहे, टेलिफोनवर. तिला बोलवा. तिच्या वडिलांना बरं नाही."

खालच्या औषधवाल्या काकांचा तो आवाज होता. रोज येता-जाता ऐकलेला.

"स्पीकिंग," मी म्हटलं.

"नो, नो, मॅडम. तुम्ही नाही. मराठी मुलगी."

"मीच आहे काका, मीच," मी इंग्रजीतच म्हणत होते. आश्चर्य वाटेल, पण त्या क्षणी दुसरी भाषाच तोंडात येईना. हेडफोन कानावर चढवला की जीभ आपोआप त्या जागी जाऊन बसे. ते पुन्हा म्हणाले, "मॅडम, प्लीज, त्या मुलीला बोलवा. तिची आई इथे रडते आहे."

मागून मला खरंच आईचा आवाज ऐकू आला. मग माझ्या तोंडून ओरडल्यासारखं निघालं, "आई! आई, मी बोलतेय!"

रिसीव्हर हातातून हातात गेल्याची खरखर झाली. "कोण? तू आहेस?"

"मीच गं. काय झालं बाबांना?"

"छातीत कळ आली. घामाने भिजलेत नुसते. अगं, मी केव्हाची फोन करतेय. एक मडम उचलत होती. मी घाबरून ठेवून दिला. मला वाटलं चुकीच्या जागी लागला. कोण होती ती?"

काकांनी फोन परत घेतला आणि सांगितलं की टॅक्सी बोलावली आहे, ते स्वतः बरोबर जाताहेत, मी थेट हॉस्पिटलात यावं.

मी वायर सोडवायला वळले तर बाई मागेच उभ्या होत्या. खटका त्यांनी दाबला होता की माझं ओरडणं ऐकून त्या आल्या, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी माझ्या कानांवरचा हेडफोन स्वतः काढला, स्वतःच्या डोक्यावर चढवला, माझ्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "जा."

खिदिरपूरच्या पुढे वीज गेली आणि ट्राम जागच्या जागी उभी राहिली. पुढेही ट्रामच, मागेही ट्रामच. बसेस माणसांनी लटकलेल्या. टॅक्सी एकही थांबेना. मी उतरून चालायला लागले. माझेरहाटच्या पुलावर ऊन नुसतं भाजत होतं. मी पळत होते असं म्हणता येणार नाही, साडीत पळता येत नाही. पण डोक्यात एकच चाललं होतं. आईने दोनदा फोन केला. दोनदा मी तो घेतला.

बाबा वाचले. काकांनी टॅक्सीत घातलं नसतं तर वाचले नसते असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलात पहिले दोन दिवस आम्हाला कोणी धड काही सांगत नव्हतं. आई आणि मी हिंदीत विचारायचो आणि नर्स मान हलवून पुढे जायची. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा बाबांनी माझा हात धरला. आवाज अगदी क्षीण होता. "तू बोल. तुझं ऐकतील."

मी बोलले. बोर्डावरच्या आवाजात, प्रत्येक ट हिरडीला टेकवून. डॉक्टर चालता चालता थांबले. वळले. खुर्ची ओढून बसले आणि सगळं समजावून सांगितलं. बाबा उशीवरून माझ्याकडे बघत होते. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिला नव्हता, आणि त्या आनंदाने माझा जीव गुदमरला. ही नोकरी सोडायची असं मी पुलावर ठरवलं होतं. ते आता शक्य नव्हतं. बाबा किती महिने घरी राहणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि शिवाय ते असे बघत होते.

डॉक्टर गेल्यावर आई म्हणाली, "काय म्हणाले ते आता मला सांग." मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तीच होती ना ती? फोनवरची?"

"हो."

"मला कळलंच नाही गं," आई म्हणाली. तिचा सूर माफी मागितल्यासारखा होता. माफी तिने मागावी हे मला सहन झालं नाही. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

कामावर परत गेल्यावर मी बाईंना विचारलं, घरून फोन आला तर चालेल का. "फोन येऊ दे," त्या म्हणाल्या. "पण उचलताना तू शिकवल्याप्रमाणेच बोलशील. पलीकडे कोण आहे हे उचलण्याआधी आपल्याला माहीत नसतं. त्यानंतर तुझी आई बोलेल, मग तू तिच्याशी बोल. थोडक्यात."

मी हे घरी सांगितलं. आई कणीक मळत होती. "म्हण बघू," ती म्हणाली.

"काय?"

"ती मडम काय म्हणते ते. मला सवय करून घेऊ दे."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हटलं. "अजून एकदा," आई म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. ती मान खाली घालून मळत होती, आणि दर वेळी मी सुरुवात केली की तिचे हात थबकत. असं किती तरी दिवस चाललं. हळूहळू हात थबकेनासे झाले. मग एका दुपारी बोर्डावर फोन आला, मी माझी दोन्ही वाक्यं पूर्ण केली आणि पलीकडून आई म्हणाली, "मी आहे. काही काम नाही. बघत होते. ठेवते."

बोर्डावर पुढच्या फोनचा दिवा लागला होता. मी तो कॉल घेतला.

बाबांनी शेवटी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आम्ही पुण्याला परतायचं ठरलं तेव्हा मी मनातून सुटले होते. तिकडे कोणी माझ्या तोंडासमोर पट्टी धरणार नव्हतं. निरोपाच्या दिवशी बाईंनी माझ्या गालाचा मुका घेतला, बंगाली मुलगी रडली, आणि मी हावड्याला गाडीत बसले.

पुण्यात एका कारखान्याच्या ऑफिसात मुलाखत झाली. तिघेजण होते, तिघेही मराठी. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत उत्तरं दिली. पहिल्याच वाक्यानंतर ते सावरून बसले, एकाने समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला. मला ते आवडलं नाही. मी मुद्दाम साधं बोलायचा प्रयत्न केला. ट मागे वळवला, व्हीचा व केला, बाबांसारखं बोलून बघितलं. ते अगदी खोटं निघालं, कोणाची तरी नक्कल करावी तसं. मी गोंधळून थांबले. परत यायचा रस्ता तोवर बुजला होता.

मधल्या वयस्कर गृहस्थांना वाटलं मी घाबरले आहे. ते मराठीत म्हणाले, "मराठी समजतं का तुम्हाला?"

"हो, समजतं ना," मी म्हटलं, बोर्डावरच्याच चढउतारांत. "माझं शिक्षण इथलंच. वडिलांच्या बदलीमुळे काही वर्षं कलकत्त्याला होतो."

ते कौतुकाने हसले. शेजारच्याकडे बघून मान डोलावली.

"वा," ते म्हणाले. "छान बोलता की. बाहेरची माणसं इतकं स्वच्छ मराठी शिकत नाहीत."

त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं होतं. नोकरी मला मिळाली.