अक्काताईंनी निवडलेलं बेसिकचं पुस्तक

एकोणीसशे शहाऐंशीच्या उन्हाळ्यात बेळगावच्या आमच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा कोर्स मंजूर झाला. मंजुरीचं पत्र आलं, अभ्यासक्रम आला, प्रवेशाचे अर्जही आले. मशीन तेवढं आलं नव्हतं. ते जूनअखेर येणार होतं. पाठ्यपुस्तक मात्र त्याआधीच ठरवायला हवं होतं, कारण प्रती बेंगळूरहून मागवाव्या लागत.

प्राचार्यांनी गणिताच्या मारुतीराव सरांना विचारलं. सर सरळ म्हणाले, "मी कॉम्प्युटर फक्त मासिकातल्या फोटोत बघितलाय. पुस्तकं निवडणं लायब्ररीचं काम." अशी कॉम्प्युटरच्या बेसिक भाषेवरची पाच पुस्तकं अक्काताईंच्या टेबलावर येऊन पडली.

अक्काताई साहाय्यक ग्रंथपाल होत्या, मूळच्या निपाणीच्या. त्यांची आई नागुबाई तंबाखूच्या वखारीत चाळायच्या कामाला जायची. लहानपणी अक्काताई तिथंच पोत्यांच्या आडोशाला बसून पाढे पाठ करायच्या. वखारीतल्या बायकांच्या लेकींमध्ये बी.एस्सी. झालेल्या त्या पहिल्या. विषय गणित. शिकवायची इच्छा होती, पण जागा निघाली ती लायब्ररीत. मी त्या कोर्सच्या पहिल्या तुकडीत होते आणि पुढं काही वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. ही हकीकत त्यांच्याकडून आणि रवळूमामांकडून थोडी थोडी ऐकलेली.

रवळूमामा लायब्ररीतले शिपाई. बेळगुंदीहून रोज सायकलीनं यायचे. पन्नाशीला टेकलेले, शिक्षण सातवीपर्यंत, कन्नड आणि मराठी दोन्ही वाचायचे.

पाचांतली दोन पुस्तकं अक्काताईंनी पहिल्याच दिवशी बाजूला केली. एकात साठ पानं नुसता कॉम्प्युटरचा इतिहास होता. दुसरं म्हणजे कुठल्यातरी एका मशीनची माहितीपुस्तिकाच होती. तिसरं बरं होतं, पण अर्ध्यातच खेळांकडं वळलेलं. राहिली दोन. एक हिरव्या पुठ्ठ्याचं, जाडजूड, परदेशातल्या प्राध्यापकानं लिहिलेलं. दुसरं बारीक, खरखरीत कागदाचं, शाई पुसट झालेलं. ते आपल्याकडच्याच कुणा शिक्षकानं लिहिलेलं होतं.

दोन्ही वाचून अक्काताईंना सगळं कळत होतं, आणि तीच त्यांची अडचण झाली. गणित झालेल्या बाईला कळलं म्हणून दहावी होऊन आलेल्या मुलाला कळेलच असं नाही. मग त्यांनी कार्डांच्या कपाटातले सहा रिकामे खण बाहेर काढले, प्रोग्राममध्ये आकडे ज्या अक्षरांच्या नावानं ठेवतात ती A, B, I, S अशी अक्षरं एकेकावर चिकटवली आणि रवळूमामांना समोर बसवलं.

"मामा, मी पुस्तकातली ओळ वाचून मराठीत सांगणार. ती सांगेल तेवढंच करायचं. जास्त न्हाय, कमी न्हाय."

"आक्का, मला ह्यातलं काय कळत न्हाय."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलंय."

हिरवं पुस्तक तिसऱ्या पानावरच अडलं. 'हे वाचकाला ठाऊक असेलच,' असं तिथं लिहिलं होतं. मामा म्हणाले, "ठाऊक असतं तर मी हितं कशाला बसलो असतो?" अक्काताईंनी मामांचं हे वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

बारीक पुस्तक मात्र पुढं चाललं. एकेक ओळ सुटत होती, मामा खणांत आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकत होते, जुन्या काढत होते. चार दिवसांत अठरा प्रोग्राम झाले. एकोणिसावा दहा मुलांच्या गुणांची सरासरी काढायचा. मामांनी दहा वेळा गुण मिळवले, बेरीज आली पाचशे पन्नास. शेवटी या बेरजेला I या, फेऱ्या मोजायच्या खणातल्या आकड्यानं भागायचं होतं.

"ह्या खणात अकरा हाय," मामा म्हणाले.

"न्हाय मामा, धा. मुलं धाच हाईत."

"पण मगाशी पुस्तकात काय सांगितलं? NEXT आलं की आधी एक वाढवायचा, मग बघायचं, धाच्या वर गेला तर भाईर. मग अकरा झाल्याबिगर भाईर कसं पडायचं?"

"तुमची एक चिठ्ठी जादा पडली असंल," अक्काताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच खणातली चिठ्ठी काढून दहाची ठेवली, भागाकार केला, पंचावन्न लिहिले आणि पान उलटलं.

शिफारस गेली बारीक पुस्तकाची. मारुतीराव सरांना हिरवं हवं होतं. "उद्या तपासणीला लोक आले तर हे रद्दीसारखं पुस्तक दाखवायचं?" असं त्यांचं म्हणणं. शेवटी प्राचार्यांनी ठरवलं, मशीन येऊ दे, दोन्ही पुस्तकं त्यावर चालवून बघू. मागणी मग पाठवू.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मशीन बसलं. प्राचार्य, सर, आणखी दोघं शिक्षक खुर्च्या टाकून बसले. रवळूमामा दाराशी उभे होते. आधी हिरव्या पुस्तकातला प्रोग्राम घातला. मशीननं तिसऱ्या ओळीला चूक दाखवली. दुसरा घातला, तोही अडला. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं, "बेसिक एक असलं तरी प्रत्येक मशीनची बोली वेगळी असते. हे पुस्तक दुसऱ्या मशीनसाठी लिहिलंय." बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग अक्काताईंनी बारीक पुस्तकातला एकोणिसावा प्रोग्राम स्वतः टाइप केला. दहा गुण घातले, तेच, वहीतले. पडद्यावर उत्तर आलं : ५०.

मारुतीराव सरांनी वहीत पाहिलं. "इथं पंचावन्न आहेत."

अक्काताईंनी पुन्हा गुण घातले. पुन्हा पन्नास. त्या मला सांगायच्या, त्या वेळी लाज वाटली ती मशीनसमोर नाही, दाराशी उभ्या असलेल्या मामांसमोर. कारण त्यांना लगेच खणातली चिठ्ठी आठवली. I मध्ये काय आहे ते दाखवायची ओळ त्यांनी घातली. पडद्यावर अकरा आले.

त्या उठून उभ्या राहिल्या. "सर, पुस्तकात चूक आहे. पण ती एप्रिलमध्येच सापडली होती. रवळूमामांनी अकरा सांगितले होते. मी ऐकलं नाही, त्यांची चिठ्ठी काढून माझी ठेवली."

सगळे दाराकडं बघायला लागले. मामा म्हणाले, "पुस्तकात लिवलंय तसंच केलं मी, सायेब."

मारुतीराव सर बराच वेळ ते पान वाचत बसले. मग म्हणाले, "म्हणजे समजावलंय बरोबर, उदाहरणच चुकलंय. समजावलेलं कळलं म्हणून तर यांना अकरा आले." पुस्तक मिटून म्हणाले, "हेच मागवा."

त्या दिवशी सगळे गेल्यावर अक्काताई मामांजवळ गेल्या. "मामा, वखारीत मुकादम माझ्या आईचं म्हणणं असंच उडवून लावायचा. चाळणीला भोक पडलंय म्हणून ती सांगायची, तो म्हणायचा, तुला काय कळतंय. मला लई राग यायचा त्याचा."

"असू दे वो, आक्का. तुमी सगळ्यांम्होरं बोलला न्हवं? झालं," मामा म्हणाले, आणि खुर्च्या आवरायला लागले.

चाळीस प्रती आल्या. प्रत्येकीच्या एक्केचाळिसाव्या पानावर अक्काताईंनी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. आम्हाला पहिला महिना मारुतीराव सरांनी शिकवलं. नंतर त्यांनीच प्राचार्यांना सांगून प्रात्यक्षिकाचे तास अक्काताईंकडं दिले. पुढच्या वर्षी त्या कायमच्या शिकवायला आल्या, आणि निवृत्त होईपर्यंत नवीन पुस्तक निवडायचं झालं की आधी ते न शिकलेल्या माणसासमोर वाचायच्या. नेहमी रवळूमामाच असत असं नाही. त्यांना दोनतीन वर्षांत इतकं यायला लागलं की त्या कामाला ते उपयोगी राहिले नाहीत.

लेखकाला अक्काताईंनी चूक कळवणारं पोस्टकार्ड पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती आली, तीत एकोणिसावा प्रोग्राम दुरुस्त झालेला होता. छपाईच्या नवीन चुका मात्र सात निघाल्या.