प्रमोदिनीताईंच्या फुलवाती

ग्लासगोत त्या काळी कुठल्याही मराठी घरात निरांजन लागलं, की आतली फुलवात बहुधा प्रमोदिनीताईंच्या हातची असायची. ताई मूळच्या यवतमाळच्या. यजमान इथे डॉक्टर होते. ते गेल्यावरही ताई त्याच फ्लॅटमध्ये राहिल्या, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर. खिडकीशी बसून कापसाची चिमूट घ्यायच्या, पाकळीसारखी पसरायच्या, मग दुधाच्या बोटाने टोक पिळायच्या. बाहेर धुकं असलं की म्हणायच्या, "अनुराधा, हे धुकं नाही गं. आमच्याकडचा कापूस उडत आलाय." त्यांच्या खिडकीत बसलं की मलाही ते खरं वाटायचं.

२००७ साली त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं आणि मग केमो सुरू झाली. त्या औषधाची तऱ्हा अशी, की गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचायच्या. आणि हे कुठे, तर ग्लासगोत! इथे दाराची कडी गार, नळ गार, वाऱ्याचं तर नावच काढू नका. गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळायचा. ताई लोकरीचे हातमोजे घालून फ्रिजमधून दूध काढायच्या. देवांनाही कोमट पाण्याची अंघोळ सुरू झाली. "तेही म्हातारे झालेत, त्यांनाही बरं वाटत असेल," म्हणायच्या.

केमोनंतर ताई एका वेगळ्याच मुलखात असायच्या. मी सूप घेऊन वर जाई, तर त्या अर्धवट झोपेत पुटपुटत, "कापसावरून चालतेय गं. पायाखाली सगळा कापूसच." मला वाटायचं, यवतमाळ स्वप्नात आलंय. मी पांघरूण सारखं करून हळूच खाली यायची.

हॉस्पिटलात मी त्यांच्याबरोबर जायची. मॉइरा नावाची नर्स सुई लावायच्या आधी दर वेळी विचारायची, "मुंग्या येतात? बोटं बधिर होतात? मधल्या दिवसांत तरी जातं का ते?"

"नॉट टू बॅड," ताई हसून सांगायच्या. इतकी वर्षं या देशात राहून तेवढं मात्र पक्कं शिकल्या होत्या.

दिवाळीत मी लक्ष्मीपूजनाला ताईंनी दिलेली नवी फुलवात तुपात उभी केली. तिने मान टाकली. दुसरी लावली, तिनेही तेच. डबाच ओतून बघितला, तर एकाही वातीचं टोक धड पिळलेलं नव्हतं. हे ताईंच्या हातचं? मी पूजा तशीच टाकून वर गेले.

ताई खिडकीशीच होत्या. हातात कापूस होता आणि त्या टक लावून स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या.

"हातात कापूस आहे की नाही, तेच कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी बघावं लागतं. पायांचंही तसंच झालंय."

म्हणजे तो कापूस स्वप्नातला नव्हताच.

"अहो, मग मॉइराला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की औषध कमी करतील. आणि आजार उलटला तर? अर्धा उपास सोडल्यासारखं होईल ते. सोसेन मी."

"ताकाला जाऊन भांडं लपवता तुम्ही!" मी भडकलेच. बोटं कायमची गेली तर काय करणार, असं ओरडले आणि ओरडता ओरडता रडूही आलं.

पुढच्या वेळी मॉइराने तोच प्रश्न विचारला. "नॉट..." म्हणून ताई थांबल्या. पर्समधून त्यांनी दोन फुलवाती काढून तिच्या तळहातावर ठेवल्या.

"ही आजारपणाच्या आधीची. ही परवाची. माझ्या बोटांना दोन्ही सारख्याच लागतात."

मॉइराने दोन्ही वाती चिमटीत धरून बघितल्या. मग ताईंना कार्डिगनची बटणं लावायला सांगितली. ताईंना पहिलंही लागेना. त्या दिवशी सुई लागली नाही. डॉक्टर येऊन बसले आणि समजावून म्हणाले, सुईतलं हे एक औषध आता थांबवू, बरोबरच्या केमोच्या गोळ्या चालू ठेवू. पुष्कळसं काम झालंय, आणि ओढत नेलं तर हात परत येतील याची खात्री नाही.

"पण मी सोसू शकते," ताई म्हणाल्या.

"सोसायला कोण सांगतंय, डार्लिंग?" मॉइरा म्हणाली. "सांगावंस म्हणून तर दर वेळी विचारते."

परतताना टॅक्सीत ताई खूप रडल्या. मी त्यांचा मोज्यातला हात धरून बसले.

औषध थांबलं तरी आधी बधिरपणा वाढलाच. हिवाळाभर वाती मी वळल्या आणि ताईंनी नुसत्या नजरेने नापास केल्या. वसंत आला, गार कडी टोचेनाशी झाली, पण बोटं काही बोलेनात. ताई मात्र रोज थोडा कापूस चिमटीत धरून खिडकीशी बसायच्या.

जूनमधल्या एका सकाळी बाहेर दाट धुकं होतं. ताई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी सवयीने माझी ताजी फुलवात त्यांच्या हातात दिली आणि चहा ठेवायला वळले.

"टोक सैल राहिलंय गं," मागून आवाज आला.

मी वळून बघितलं. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.