न फुटलेले क्यूब

सगळे त्याला क्यूबमास्तर म्हणत. एकतीस वर्षं एकच काम. काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग मशीनखाली फुटेस्तोवर दाबायचे आणि फुटताना काटा जिथं असेल तो आकडा वहीत लिहायचा. पण ऐट बघा! ‘माझ्या सहीशिवाय एक खांब उभा राहत नाही,’ हे बायकोला भाजी निवडतानासुद्धा ऐकावं लागे.

लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. संभाव्यतेच्या सरांनी सांगितलं, कुठलीही खरी मोजमापं आणा आणि त्यांचं वितरण काढून दाखवा. लेक म्हणाली, “बाबा, तुमची वही द्या ना.” मास्तर नुसता फुलून गेला. वर्षभराची वही स्वतः झेरॉक्स करून आणली. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, देव जाणे!

रविवारी सकाळी तिनं हाक मारली. कॉम्प्युटरवर बारा महिन्यांचे बारा आलेख होते.

“मिश्रण एक, साचा एक, तरी प्रत्येक ठोकळा वेगळ्याच आकड्याला फुटतो. कुठल्या, ते आधी कुणीच सांगू शकत नाही. पण शेकडो फोडले की अशी टेकडी होते. मध्ये गर्दी, दोन्हीकडे उतार. आता जून बघा.”

जूनची टेकडी नव्हतीच, सरळ सुळका होता. तीस, तीस, एकतीस, तीस. पंचवीस कुठं नाही, पस्तीस कुठं नाही.

“माल चांगला आला असेल,” मास्तर म्हणाला.

लेक उठली आणि मागच्या दारी गेली. धुणं धुवायचा ओटा मास्तरनं ठोकळे रचून केला होता. तिनं बादली सरकवली. ठोकळ्यांवर रंगानं तारखा लिहिलेल्या होत्या. फोडायच्या दिवसाच्या, सगळ्या जूनमधल्या. एकालाही साधा तडा नव्हता.

मग मास्तरनं सगळं ओकलं. मशीन महिनाभर दुरुस्तीला होतं. नव्या दवाखान्याचे खांब अडले होते. साहेब म्हणाले, “तुम्हाला हाताचा अंदाज आहे, लिहून टाका.” आणि त्यानं लिहिलं.

“उद्या साहेबांच्या तोंडावर सांगतो,” तो म्हणाला. “तपासू देत खांब. मला घरी बसवलं तरी चालेल.” कॉपी केली म्हणून लहानपणी या लेकीच्या थोबाडीत त्यानंच दिली होती. आता तिनं वाट्टेल ते बोलावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

लेक रडली. जेवली नाही. दुपारभर दार लावून बसली. चहाच्या वेळेला बाहेर आली ती हातात कागद घेऊन.

“जूनचे नवे आकडे. बाकीच्या महिन्यांची सरासरी आणि पसारा धरून कॉम्प्युटरकडून काढलेत. दोन पंचविसाचेही घातलेत. आता कुणाच्या बापाला कळायचं नाही.”

“अगं, तिथं माणसं झोपणार आहेत...”

“चार महिन्यांत रिटायर होताय ना? मग गप्प बसा.”

मास्तरनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. एकतीस वर्षं खरे आकडे पाहिलेला माणूस, पण त्यालाही खोट सापडेना. ही विद्या शिकायला त्यानंच तिला धाडलं होतं.

लेकीनं त्याच्यापुढं तशीच एक कोरी वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

“अक्षर मात्र तुमचंच हवं, बाबा.”