नाव फिरायला दोन दिवस लागतात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढे जीभच रेटत नाही माझी.

पुसदला माझं वेबसाइटचं छोटं दुकान आहे. साइट बनवायची, होस्टिंग म्हणजे ती ठेवायची जागा द्यायची आणि गिऱ्हाइकाचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, माझ्याच खात्यावर घ्यायचं. पासवर्डची कटकट नको म्हणून गिऱ्हाईकच सांगतं, राहू द्या तुमच्याकडेच. म्हणजे नाव त्यांचं, किल्ली माझी.

शकूताई जवळच्या तांड्यावरच्या. बारा बायकांचा त्यांचा भरतकामाचा गट — आरसे, कवड्या, रंगीत टाके. त्यांची साइट मी मनापासून केली होती, फोटोही मीच काढले होते. एका सोमवारी त्या आल्या आणि संकोचत म्हणाल्या, पोरीनं दुसरीकडे होस्टिंग घेतलंय, साइट तिकडं न्यायची आहे. चिठ्ठीवर दोन नेमसर्व्हर लिहून आणले होते. मला राग आला का? आला. चांगलाच झोंबला. हसून म्हणालो, करतो.

नेमसर्व्हर म्हणजे तांड्याच्या फाट्यावरचा चहावाला समजा. परका माणूस त्याला घर विचारतो आणि तो सांगेल तिकडे जातो. मी चहावाला बदलला. नव्याला साइटचं घर ठाऊक होतं, पण टपाल कुठं टाकायचं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मेलची ती नोंद नव्या यादीत हातानं भरावी लागते. पोरीला हे माहीत नसणार, हे मला माहीत होतं. एक फोन पुरला असता. मी — नाही केला. कळू दे जरा, असं वाटलं.

एवढंच असतं तर मी इतकी वर्षं गप्प बसलो नसतो.

बदल केला तरी काही यंत्रं थोडा वेळ जुनाच पत्ता धरून बसतात. त्यामुळे त्यांचे बहुतेक मेल परत जात होते, पण एखाददुसरा माझ्याकडच्या जुन्या मेलपेटीत पडत होता. ती पेटी आता त्यांच्या फोनवर उघडत नव्हती. माझ्याकडे उघडत होती. बुधवारी मी ती उघडली. कशाला उघडली? पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनाचं पत्र होतं. गटाची निवड झाली आहे, शुक्रवारपर्यंत होकार कळवा. त्या बायका उन्हाळ्यापासून या पत्राची वाट पाहत होत्या. अर्ज मीच भरून दिला होता.

पत्र दिलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं — हे तुमच्याकडे कसं? मी पकडला गेलो असतो. तेवढ्यासाठी. फक्त तेवढ्यासाठी मी ते पुसलं.

दुपारी त्यांचा फोन आला. "दादा, एकही मेल नाही येऊन राह्यला. पुण्यावरून काही आलं असन तं? काहून असं होऊन राह्यलं?"

"नाव जगभर फिरायले दोन दिवस लागतात, ताई. येईन मेल."

आणि हे खरं आहे बरं का. कुणाही जाणकाराला विचारा. खऱ्याच्या आडून इतकं खोटं बोलता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

शनिवारी त्या मुलीला घेऊन आल्या, परत तुमच्याकडंच घ्या म्हणाल्या. मी नेमसर्व्हरच्या दोन ओळी होत्या तशा केल्या. सोमवारपर्यंत मेल सुरू झाला आणि पहिलंच पत्र प्रदर्शनाचं आलं — उत्तर न मिळाल्यानं जागा दुसऱ्या गटाला दिली आहे. मायलेकी मेल बघायला आल्या होत्या; माझ्याच दुकानात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून शकूताईंनी ते वाचलं. होस्टिंग बदलायचा शहाणपणा कुणी केला, म्हणून त्या पोरीला रागावल्या. ती मान खाली घालून रडत होती. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या पोरीनं नंतर गटाच्या कॉम्प्युटरला हात लावला नाही, असं ऐकतो.

जाताना शकूताई दारात थांबल्या.

"तुमचं सोडून तिकडं गेलो, तिथंच चुकलं आमचं. माफ करजा, दादा."

असू द्या ताई, असं म्हणून मी त्यांना माफ केलं.