दारातला चार नंबर

“सनई आणलीच आहेस तर वाजव की. आमचाही वेळ जाईल.”

बाकावरचा एक माणूस माझ्या वडिलांना म्हणाला. पांढरंशुभ्र धोतर, मांडीवर छत्री. सांगलीतला दातांचा दवाखाना होता तो. आबा उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी बसले होते. वरचा ओठ सुजून नाकाला भिडला होता. चार रात्री झोप नव्हती.

बाकावर जागा होती. खाली बस असं त्यांना कुणी म्हटलंही नव्हतं. ते आपणहून बसले. हेच मला अजून सलतं.

आम्ही जातीनं होलार. गाव विट्याकडचं. लग्न कुणाचंही असो, मांडवाच्या दारात बसून सनई वाजवायची ती आमच्या घरानं. दारात. आत नाही. जेवायचं तेही सगळ्यांच्या पंगती उठल्यावर. लोक याला मान म्हणायचे आणि आबाही मानच समजायचे. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची दारं सांभाळली. कुठलंही दार दिसलं की त्यांचे गुडघे आपोआप वाकायचे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी नववीत होते. आबांना अक्षर येत नव्हतं, म्हणून चिठ्ठीवरचा नंबर वाचायला मी सोबत. आणि सनई होती डॉक्टरांना दाखवायला. सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत धरली की मागून कुठल्या दातांचा आधार लागतो, ते आबांना समजावून सांगायचं होतं. एसटीत सारखं घोकत होते, “साहेब, ह्ये म्होरलं तेवढं ऱ्हाऊ द्या. बाकी समदं काडा.”

ही आमची तिसरी खेप. मागच्या मंगळवारी आलो, बसून राहिलो, दवाखाना बंद झाला. शुक्रवारी आलो, तेच. आज पहाटेची पहिली एसटी धरली होती. कंपाउंडरनं दिलेल्या चिठ्ठीवर चार आकडा होता. सात नंबर आत गेला. नऊ गेला. बारा गेला. मी दोनदा उठून दारातूनच विचारलं. कंपाउंडर वहीतून मान वर न करता म्हणाला, “बसा म्हटलं ना. बोलावतो.”

आणि आता हा माणूस सनई वाजव म्हणत होता.

मला वाटलं, आबा नाही म्हणतील. सुजलेला ओठ त्या माणसालाही दिसत होता. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग पायाशी ठेवलेली सनई उचलून तोंडाला लावली. वरात दारात येते तेव्हाची धून. पहिला सूर चिरकला. मग सावरला. आबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बाकावरचे लोक माना डोलवत होते. आतून डॉक्टर हात पुसत बाहेर आले. “वा! झकास वाजवतोस रे,” म्हणाले. मग बाकाकडे वळून, “हं, पुढचं कोण?”

चौदा नंबर आत गेला.

“अजून एक होऊ दे,” छत्रीवाला म्हणाला.

पत्तीला रक्त लागलं होतं. आबा पटक्याच्या टोकानं ते पुसत होते. पुन्हा वाजवण्यासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सनई त्यांच्या हातातून काढून घेतली.

“न्हाई वाजवणार.”

“गप पोरी. साहेब रागावत्याल,” आबा कुजबुजले.

“आमचा नंबर चार हाय. चौदा आत गेला.” मी उंबरा ओलांडला आणि बाकावर जाऊन बसले. छत्रीवाला सरकला. “आबा, हितं या. जागा हाय.”

आबा आले नाहीत. मान खाली घालून चपलांशेजारीच बसून राहिले. बाकावर आमच्या घरचं असं पहिल्यांदाच कुणी बसलं होतं, आणि मी तिथं एकटी होते.

सगळे संपल्यावर आम्हाला बोलावलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात बघितलं.

“उशीर केलास रे. पू पार आतपर्यंत गेलाय. गेल्या आठवड्यात आला असतास तर समोरचे वाचले असते.”

आबांनी हात जोडले. उघड्या तोंडानंच म्हणाले, “चुकलं साहेब.”

चुकलं! ज्याला तीन खेपा दारात बसवलं, तोच माफी मागत होता. त्या दोन शब्दांनी माझ्यातलं काहीतरी कायमचं मोडलं.

“गेल्या आठवड्यात आमी हितंच हुतो,” मी म्हणाले. “दोन डाव. तुमच्या दारात.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. चिमटा उचलला. समोरचे चार दात गेले. सनई माझ्या हातातच राहिली. ती दाखवायची वेळच आली नाही.

परतताना एसटीत आबा तोंडावर फडकं धरून बसले होते. विटा आलं तेव्हा एवढंच म्हणाले, “तू तसं बोलाया नगं हुतं.”

पुढे रोज सकाळी ते सनई घेऊन बसायचे. वारा फटीतून निसटायचा. सूर नाही, नुसती फुसफुस. मी चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि भाकरी करपायची. महिनाभरानं त्यांनी सनई कापडात गुंडाळून फळीवर ठेवली.

लग्नसराईत पाटलांचा माणूस आला. आमचा चुलता आजवर आबांच्या शेजारी बसून साथीच्या पिपाणीवर नुसता एकच सूर धरायचा. त्याच्याकडे स्वतःची सनई नव्हती.

“आवं, ती सनई तुमच्या भावाला तरी द्या,” पाटलांचा माणूस आबांना म्हणाला. “पाटलाच्या मांडवाचं दार मोकळं दिसाया नगं.”

आबा उठून फळीकडे निघाले. मी आडवी उभी राहिले.

“मोकळं ऱ्हाऊ द्या.”

तो माणूस निघून गेला. आबा भिंतीकडे तोंड करून रडले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की पोरीनं घरचा मान घालवला.

आज आबा नाहीत. सनई माझ्याजवळ आहे. पत्तीच्या बुडाशी, दोऱ्यात मुरलेला तो रक्ताचा डाग अजून आहे, मी पुसलेला नाही. आमच्यातलं कुणी मांडवात, सगळ्यांच्या बरोबरीनं बसून वाजवणार असेल तर आज काढून देईन. दारात बसायला देणार नाही. भावाला नाही, पोराला नाही, नातवाला नाही.

दार मोकळंच राहील.