मादी नेशील का?

आमच्या पिरनवाडीच्या घरात तीन वर्षांची लॅब्राडोर कुत्री आहे आणि निपाणीत माझ्या धाकट्या बहिणीकडं तसलाच नर. एवढ्यावरून गेलं वर्षभर बहीण मला विहीणबाई म्हणत होती. "आक्का, एकदा तरी पिल्लं होऊ देत गं. रूप बघ की दोघांचं!"

नातीनं डॉक्टरांना सगळं विचारलं होतं. पिल्लांत दोष उतरू नये म्हणून काढलेला कुत्रीच्या कमरेचा एक्स-रे चांगला आला. राहिलं एकच: प्रत्येक पिल्लू कुठं जाणार ते आधी ठरवायचं, आणि पुढं ज्याला ते नको होईल त्याच्याकडून आपण परत घ्यायचं. "आज्जी, तू म्हणशील तसं," असं म्हणून तिनं ते माझ्या गळ्यात टाकलं. दिवसभर घरात मीच असते ना.

मला लई कंटाळा आला, जीव नकोसा झाला. कारण हे मी एकदा करून बसलेय.

तेव्हा मी तिशीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आमच्याकडं पांढरी, केसाळ पॉमेरियन होती. गल्लीत तसली दुसरी नव्हती, त्यामुळं माझं नाक वर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देता देता मी पिल्लंही वाटली, तीही जन्मायच्या आधी. "तुला एक, तुलाबी एक!" बाईसाहेब जणू जहागिरी वाटत होत्या. पिल्लं झाली पाच, त्यात नर एक. तो त्याच दिवशी ठरला. बाकीच्या बायका यायच्या, शेपटी उचलून बघायच्या, चहा प्यायच्या आणि जायच्या. चार माद्यांतली एक कशीबशी गेली. उरलेल्या तिघींना मी टोपलीतून नेऊन खडेबाजारातल्या एका बोळाच्या तोंडाशी सोडलं आणि पुढच्या दुकानातून ब्लाऊजपीस घेऊन घरी आले. रंग जुळतो का, तेही उन्हात धरून बघितलं होतं.

या वेळी मी फोन घेऊन बसले. पिल्लू मागणाऱ्या सगळ्यांना दोनच प्रश्न. मादी नेशील का? आणि नको झाली तर माझ्याकडंच आणून देशील का?

"मादी? न्हाय गं आक्का, तिची पिल्लं कोण निस्तरणार?" जी ती हेच म्हणाली. दुसऱ्या प्रश्नापर्यंत कुणी पोचलंच नाही. शेवटी बहिणीला लावला.

"मादी एक नेते की मी," ती म्हणाली. "पण परत तुझ्याकडं? बारा वर्षं जगतंय ते जनावर. तू हाईस व्हय तवर?"

"मी न्हाय. तू तरी हाईस?"

ती खो खो हसली, मीही हसले. 

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली.

मी नातीला कुत्रीच्या नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलं.

आता टाके चाटू नयेत म्हणून कुत्रीच्या गळ्यात प्लॅस्टिकचं मोठं नरसाळं अडकवलंय. ते घेऊन ती दारांना धडकत फिरते. पाण्याच्या भांड्यापर्यंत तिचं तोंड पोचत नाही, म्हणून मी खाली बसून ते तिच्यापुढं धरते. पिऊन झाल्यावर ती माझ्याकडं बघत राहते. मला मात्र उठायला भिंतीचा आधार लागतो.